हॅलोवीन (१९७८): एवढा गाजलेला पिक्चर, मग भीती कुठे आहे?

केळीचं_पान (भुसावळ)

जॉन कार्पेंटरचा 'हॅलोवीन' मला आवडत नाही. "तुला कळला नाही" किंवा "तेव्हाच्या काळात बघायला हवा होता" ही दोन उत्तरं सोडून काहीही लिहा.

माझी तक्रार अशी. सुरुवातीला मायकल बहिणीचा खून करतो, तो संपला की पडद्यावर पुढचा खून व्हायला जवळपास पन्नास मिनिटं जातात. अख्खा पिक्चर ९१ मिनिटांचा. मधल्या वेळात लॉरी धरून तीन मुली रस्त्यानं चालतात, फोनवर बोलतात, गाडीत फिरतात आणि तो कुठेतरी उभा राहून बघतो. मायकल सहाव्या वर्षी कोंडला गेला, पंधरा वर्षांनी सुटला आणि सुटल्याबरोबर स्टेशन वॅगन चालवत गावी आला. कोणी शिकवली? पिक्चरमध्येच एक पात्र हा प्रश्न विचारतं आणि मायकलचा डॉक्टर लूमिस तो टोमणा मारून उडवून लावतो. पुढे हाच लूमिस शेरीफला सांगतो की रेडिओ-टीव्हीवर काही जाहीर करू नका. मग स्वतः झुडपाआड उभा राहतो, आणि चोरीची गाडी त्याच रस्त्यावर उभी आहे हे त्याला फार उशिरा दिसतं.

लॉरीच्या हाती चाकू येतो आणि ती तो टाकून देते. एकदा टाकला तर घाबरली म्हणू, दुसऱ्यांदाही टाकते! ती ओरडत शेजाऱ्याचं दार ठोठावते, तर तिथे दिवा लागतो आणि परत बंद होतो. आपल्याकडे रात्री गल्लीत कुत्रं जास्त भुंकलं तरी चार जण ओट्यावर येतात.

आमच्या मंडळात नोव्हेंबरच्या खेळाला हाच दाखवायचं घाटतंय. प्रोजेक्टर आहे, पडदा आठ फूट रुंद, हॉल लहान. हा दाखवावा, की 'सायको' (१९६०) किंवा 'ब्लॅक ख्रिसमस' (१९७४) बरा?

तिसरी_घंटा (जळगाव)

आधी प्रत तपासा, मग पिक्चरला शिव्या द्या. हा २.३५ : १ रुंदीत, पॅनाव्हिजनच्या अॅनामॉर्फिक, म्हणजे रुंद चित्र फिल्मवर दाबून बसवणाऱ्या, लेन्सवर काढलेला आहे. एवढ्या कमी पैशांच्या पिक्चरला तेव्हा कोणी ही चैन करत नसे. कार्पेंटर आणि कॅमेरामन डीन कंडी यांनी ती केली, कारण यातली भीती चौकटीच्या कडेला ठेवलेली आहे. लॉरी फुटपाथवरून गुणगुणत लांब जाते आणि कडेनं नुसता एक खांदा आत येतो. शेवटी ती दारात बसलेली असते आणि मागे, अंधूक, तो उठून बसतो. तुमच्या टीव्हीनं किंवा ऑनलाइन क्लिप टाकणाऱ्यानं चित्र १६ : ९ पडदाभर पसरवलं, तर रुंदीतला जवळजवळ चौथा हिस्सा कापला जातो. जुन्या टीव्हीच्या ४ : ३ चौकटीत तर चाळीस टक्क्यांहून जास्त जातो. मग उरतं काय, तर चालणाऱ्या मुली. पन्नास मिनिटं कंटाळा येणारच.

आठ फुटी पडद्याचा हिशेब करा. १६ : ९ चित्राची उंची ४ फूट ६ इंच. २.३५ चं चित्र त्याच रुंदीत जेमतेम ३ फूट ५ इंच उंच बसतं. म्हणजे वर-खाली साडेसहा-साडेसहा इंच पट्टी रिकामी राहते. प्रोजेक्टरची ती पट्टी काळी नसते, राखाडी असते, आणि अंधाऱ्या पिक्चरमध्ये डोळा तिकडेच जातो. पडद्यावर वर-खाली काळं कापड टाचून घ्या. 'झूम' बटणाला हात लावू देऊ नका. कोणीतरी हमखास उठून म्हणतो, "चित्र छोटं दिसतंय, मोठं कर ना भो."

सेटिंग 'डायनॅमिक' वरून 'सिनेमा' वर आणा. शार्पनेस शून्याजवळ ठेवा. टीव्हीवर बघणार असाल तर मोशन स्मूथिंग, म्हणजे हालचाल गुळगुळीत करणारं सेटिंग, आधी बंद करा. पहिल्या प्रसंगात कॅमेरा पॅनाग्लाइडवर आहे, म्हणजे स्टेडीकॅमचा पॅनाव्हिजनवाला भाऊ, कॅमेरा अंगावर बांधून हिसके न बसता चालायचं साधन. तो तरंगत चालतो. स्मूथिंग चालू असलं की तेच लग्नाच्या व्हिडिओसारखं दिसतं.

ब्राइटनेस वाढवू नका. अंधारात काही दिसत नाही म्हणून लोक तो वाढवतात आणि या पिक्चरमधली सगळ्यात चांगली जागा मारून टाकतात. वरच्या मजल्यावर लॉरी भिंतीला टेकून रडतेय, बाजूला काळंकुट्ट दार. त्या काळोखातून मुखवटा सावकाश उगवतो. तो आत चालत येत नाही, आधीपासून तिथेच उभा आहे. कंडीनं मुखवट्यावरचा दिवा डिमरवर हळूहळू चढवला आहे. ब्राइटनेस वाढवलेल्या पडद्यावर तो पहिल्या सेकंदापासून दिसतो आणि जादू संपली.

ब्लू-रे घेणार असाल तर २०१३ ची आवृत्ती बघा, ती कंडीच्या देखरेखीखाली झाली. २००७ च्या ब्लू-रेत रात्रीचा निळा रंग बराच उडालेला आहे.

भरीत_पार्टी (धुळे)

माले बी हाऊ पिच्चर आवडत नही. आणि पडद्याला काळं कापड लावलं म्हणून पटकथेची भोकं बुजत नाहीत, घंटा भाऊ.

तुमचं चौकटीचं सगळं खरं, पण केळीचं_पान यांची तक्रार लूमिसची आहे. डोनाल्ड प्लेझन्सच्या तोंडी जे संवाद दिलेत ते बघा. दर दहा मिनिटांनी तो कोणाला तरी सांगतो की हा माणूस नाही, साक्षात दुष्टावा आहे. जे कॅमेरा न बोलता सांगतोय तेच हा बोलून दाखवतो. बरं, प्लेझन्स यासाठी पाचच दिवस आला होता, त्यामुळे त्याची दृश्यं बाकीच्या गोष्टीपासून तुटलेली वाटतात. झुडपाआड उभं राहणं त्यातूनच आलं असावं. नट हातात थोडाच वेळ आहे, मग त्याला एका जागी उभा करा आणि बोलायला लावा. पटकथेची गरज म्हणून ते पटत नाही.

आणि याला लावतात ते 'पहिला स्लॅशर' (एकेकाला भोसकत सुटलेल्या खुन्याचा पिक्चर) हे बिरुद काढून टाका. मारियो बाव्हाचा 'अ बे ऑफ ब्लड' १९७१ चा. बॉब क्लार्कच्या 'ब्लॅक ख्रिसमस' मध्ये सणाची रात्र, मुलींचं घर, मारेकऱ्याच्या नजरेतून चालणारा कॅमेरा, कारण न देता सोडलेला खुनी, हे सगळं चार वर्षं आधी आहे. 'हॅलोवीन' नं केलं काय, तर हा माल स्वस्तात विकून दाखवला. खर्च सुमारे सव्वातीन लाख डॉलर, अमेरिकेतली कमाई सुमारे ४ कोटी ७० लाख. हा हिशेब बघून १९८० मध्ये 'फ्रायडे द थर्टीन्थ' निघाला आणि मग रांगच लागली. ज्याचं इतकं अनुकरण झालं त्याचा पहिलेपणा आज बघणाऱ्याला जाणवतच नाही. दार उघडलं की मागे प्रेत असणार, मेलेला खुनी उठणार, हे आता शाळेतल्या पोराला पाठ आहे.

नावडणाऱ्यांमध्ये तुम्ही एकटे नाही. समीक्षक पॉलिन केलनं तेव्हाच 'द न्यू यॉर्कर' मध्ये याला झोडपलं होतं. दुसरा समीक्षक रॉजर ईबर्टनं डोक्यावर घेतला ती गोष्ट वेगळी.

एका ठिकाणी मात्र मी पिक्चरच्या बाजूनं. मायकल का मारतो याचं उत्तर नाही, हे बरोबरच आहे. १९८१ च्या दुसऱ्या भागात "लॉरी त्याची बहीण" असं जोडलं आणि पहिल्याची उरलीसुरली हवा काढली. पहिला भाग बघताना ते डोक्यातून काढून टाका.

दहा_मात्रा (अमळनेर)

संगीताचा विषय कोणी काढला नाही, म्हणून लिहितो.

पिक्चरची पियानोवरची मुख्य धून ५/४ मध्ये, म्हणजे पाच ठोक्यांच्या आवर्तनात आहे. अर्ध्या-अर्ध्या ठोक्यांनी मोजली तर एका आवर्तनात दहा. आपला झपतालही दहा मात्रांचा, पण त्याचे खंड २-३-२-३. इथे ३-३-२-२ आहेत. टाळी देऊन मोजा: एक दोन तीन, एक दोन तीन, एक दोन, एक दोन. पहिल्या दोन खंडांवर कान तिनाच्या चालीला लागतो, आणि तिसऱ्यात एक ठोका गायब. सावरेपर्यंत चौथा खंड संपून पुन्हा सुरुवात. धून अतिशय साधी आहे, हार्मोनियम शिकणारं पोर तासाभरात वाजवील, पण तिच्यावर पाय ठेवून चालता येत नाही. झपतालात तीनचा खंड दोनदा येऊन तोल सांभाळतो. इथे दोन आखूड खंड शेवटी एकत्र आल्यामुळे प्रत्येक आवर्तन पुढे ढकलल्यासारखं वाटतं.

कार्पेंटरला ५/४ त्याच्या वडिलांनी बोंगोवर शिकवला होता. पार्श्वसंगीत त्यानं स्वतःच केलं, तीन दिवसांत, सिंथेसायझरवर. श्रेयनामावलीत 'बोलिंग ग्रीन फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्रा' लिहिलंय, तसा वाद्यवृंद नव्हता. कार्पेंटरचं बालपण केंटकीतल्या बोलिंग ग्रीनमध्ये गेलं, त्यावरची ती थट्टा. त्यानंच सांगितलंय की संगीत आणि ध्वनिपरिणाम घालण्याआधीचा पिक्चर त्यानं एका स्टुडिओच्या तरुण अधिकारी बाईंना दाखवला, तर त्या अजिबात घाबरल्या नाहीत. म्हणून लॅपटॉपच्या स्पीकरवर बघून मत बनवू नका. खालचा घुमणारा सूर तिथे ऐकूच येत नाही, नुसता पियानो टिकटिकतो.

मूळ ध्वनी मोनो, म्हणजे एकाच ट्रॅकचा होता. नंतरच्या ५.१ (अनेक स्पीकरच्या) मिश्रणात काही आवाज वाढवलेत. प्रतीत मोनो ट्रॅक असेल तर तोच निवडा आणि एकच चांगला स्पीकर पडद्याच्या खाली मधोमध ठेवा. हॉलच्या दोन टोकांना दोन डबे ठेवले की मुखवट्याआडचा श्वास भिंतीतून आल्यासारखा वाटतो.

दोष मान्य करायचा तर हा: कोणी अचानक दिसलं की सिंथेसायझरचा एक टोचणारा सूर येतो. कधी खुनी दिसतो, कधी नुसता शेरीफ लॉरीला धडकतो. तीच सुई पुन्हा पुन्हा. अर्ध्यानंतर ती टोचेनाशी होते.

केळीचं_पान (भुसावळ)

आमची प्रत पूर्ण रुंदीची आहे, त्यामुळे कापल्याचा मुद्दा मला लागू नाही. कडेला तो उभा असलेला दिसतो आणि तरी मी घड्याळ बघतो. लॉरीला तो खिडकीतून कपड्यांच्या दोरीपाशी दिसतो, पुढच्या क्षणी नाही. पहिल्यांदा ठीक. तिसऱ्यांदा मला कळतं की दिग्दर्शक आता काय करणार. संगीताचं पटलं.

पण शेजाऱ्याचं कोणीच बोललं नाही.

पानखिडकी (नंदुरबार)

शेजाऱ्याचं मी बोलते. तो दिवा बंद होणं ही चूक नाही, सगळ्या पिक्चरचा पाया तोच आहे. गाव इलिनॉयमधलं काल्पनिक हॅडनफील्ड. हिरवळ, पांढरी घरं, कुंपणं, प्रत्येक जण आपापल्या दाराआड. त्यातच हॅलोवीनची रात्र, म्हणजे मुखवटे घातलेली पोरं दारोदार फिरणारच. त्या रात्री कोणी ओरडलं तर शेजारी समजतो पोरं चेष्टा करताहेत. अमेरिकन प्रेक्षकाला ही घरं जगातली सगळ्यात सुरक्षित जागा वाटायची, म्हणून तिथे तो उभा राहिला की पोटात गोळा यायचा. आपल्या बघणाऱ्याला ती गल्ली आधीच परकी आणि ओसाड वाटते. जिथे ओट्यावर माणूसच नाही त्या गल्लीत काहीतरी होणार, हे आपण गृहीतच धरतो. धक्का बसणार कशाचा?

दुसरं, आपली सवय. रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर' (१९८४) घ्या: शाप कोणाचा, कशासाठी, कसा सुटेल, सगळं सांगितलेलं असतं. 'झपाटलेला' (१९९३) तर मुळात 'चाइल्ड्स प्ले' (१९८८) च्या वाटेनं जाणारा पिक्चर, पण तात्या विंचूला मंत्र आहे, हेतू आहे, तो बोलतो, आपण हसतोही. मायकल बोलत नाही आणि त्याला काही नकोय. श्रेयनामावलीत मुखवट्यातला मायकल झालेल्या निक कॅसलच्या नावापुढे पात्र म्हणून 'द शेप' एवढंच आहे, म्हणजे आकार. मुखवटा म्हणजे 'स्टार ट्रेक' मधल्या विल्यम शॅटनरच्या कॅप्टन कर्कचा दोन डॉलरच्या आतला रबरी मुखवटा. पिक्चरच्या कलादिग्दर्शक टॉमी ली वॉलेसनं भुवया आणि कल्ले काढले, डोळ्यांची भोकं मोठी केली, पांढरा रंग फवारला. चेहरा आहे पण भाव नाही.

हे ज्याला भिडत नाही त्याला भिडणार नाही. समजावून भीती वाटत नसते, केळीदादा.

चाकूच्या बाबतीत मी तुमच्याच बाजूची. पहिल्यांदा टाकणं समजतं, विणायची सुई त्याच्या मानेत खुपसल्यावर तिला तो मेला असं वाटतं. दुसऱ्यांदा, हॅंगरची तार डोळ्यात घालून, त्याचाच चाकू त्याच्या पोटात मारल्यावर, पुन्हा तोच विश्वास? तिथे लेखकाला लूमिसच्या सहा गोळ्यांपर्यंत पोहोचायची घाई आहे.

रावेरची_बाग (रावेर)

कार्यक्रमाला शॉर्ट फिल्म करणारी पोरं येणार असतील तर अख्खा पिक्चर आवडो न आवडो, काळोख्या दारातून मुखवटा उगवतो तो शॉट त्यांच्याकडून काढून घ्या. खर्च फार नाही आणि काय बिघडतं ते हातानं कळतं.

जागेपासून सुरू करू, कारण इथलं प्रत्येक पोरगं भुताचा शॉट केळीच्या बागेतच घ्यायला जातं. तिथे हा शॉट होत नाही. पाच बाय पाच फुटांवर झाडं, पानं सारखी हलतात, प्रत्येक पानावर उजेड सांडतो आणि मागे निखळ काळोख मिळतच नाही. वर पानांची सळसळ आवाजात भरते. जुन्या धाब्याच्या घराचं आतलं दार घ्या, खिडकी नसलेल्या खोलीचं.

मुखवटेवाला दाराच्या आत तीन-चार फुटांवर, काळे कपडे, मागे काळी चादर. पुढे नटी दाराच्या बाजूला, भिंतीला टेकून. तिच्यावरचा दिवा अशा कोनात की दाराच्या आत काही जाणार नाही, मधे काळा पुठ्ठा धरा. शॉट बिघडतो तो इथेच: सांडलेल्या उजेडात आतला माणूस आधीच दिसतो.

आतला दिवा: साध्या एलईडी बल्बला पंख्याचा रेग्युलेटर लावू नका, तो लुकलुकतो नाहीतर मधेच एकदम पेटतो. डिमर असलेला बॅटरीवरचा एलईडी पॅनल सगळ्यात बरा. नसेल तर जुना ४० वॅटचा पिवळा बल्ब आणि त्याला चालणारा डिमर. तो मंद केला की तांबडा होतो, म्हणून समोर निळा जिलेटिन कागद लावा, बल्बपासून वीतभर लांब, नाहीतर वितळतो. शून्यापासून सुरू करून आठ-दहा सेकंदांत चढवा, आणि नटीवरच्या उजेडाच्या निम्म्याच्या वर नेऊ नका. दोन सेकंदांत चढवला तर कोणीतरी बटण दाबलं असं दिसतं.

फोनवर काढत असाल तर फोकस आणि एक्सपोजर दोन्ही लॉक. लॉक नसेल तर दिवा चढतो तसा फोन चित्र अंधारं करत जातो, आणि मुखवट्याऐवजी नटीच काळोखात जाते. २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवलं की आपल्या ५० हर्ट्झच्या विजेत पट्टे फिरत नाहीत. आयएसओ जमेल तितका खाली, नाहीतर काळोखात मुंग्या येतात. झालेला शॉट व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हिडिओ दाबला जातो तेव्हा आधी काळोखाचेच चौकोन पडतात.

नटीनं मागे बघायचं नाही. तिला माहीत आहे हे तिच्या मानेवरून कळतं.

भरीत_पार्टी (धुळे)

रावेरकर, हे झकास. यात भर म्हणून पहिला प्रसंगही दाखवा. तो सलग वाटतो पण आत लपवलेले जोड आहेत. मुखवटा चढवला की पडद्यावर डोळ्यांची दोनच भोकं उरतात, त्या अंधारात जोड कुठे लपेल ते पोरांना शोधू द्या. आणि चौकटीत दिसणारा लहान मायकलचा हात सहलेखिका-निर्माती डेब्रा हिलचा आहे. मायकलचं घर बाकीच्या पिक्चरमध्ये पडकं दिसतं, म्हणून हा प्रसंग शेवटी, घर रंगवून घेतल्यावर काढला. पडकं आधी आणि नवं नंतर, या उलट्या क्रमानं त्यांचे पैसे वाचले. कॅलिफोर्नियात, वसंतात काढलेला पिक्चर आहे. ऑक्टोबर दिसावा म्हणून रंगवलेली पानं रस्त्यावर टाकायची, शॉट झाला की गोळा करून पुढच्या रस्त्यावर न्यायची. काही ठिकाणी मागे ताडाची झाडं तशीच दिसतात, इलिनॉयमध्ये!

केळीचं_पान (भुसावळ)

ठरलं असं. 'सायको' पूर्ण दाखवू. जेमी ली कर्टिस ही जॅनेट लीची मुलगी आणि लूमिस हे नाव 'सायको' मधूनच उचललेलं, त्यामुळे दुवा सांगता येईल. 'हॅलोवीन' चा पहिला प्रसंग आणि दाराचा शॉट वेगळे दाखवून रावेरकरांचा प्रयोग करू. अख्खा दाखवावा असं मला अजून वाटत नाही.

तिसरी_घंटा (जळगाव)

मग काळं कापड दोन्हींना एकसारखं चालणार नाही. 'सायको' १.८५ चा आहे, त्याला वर-खाली जेमतेम एक-एक इंच लागेल. 'हॅलोवीन' ची पट्टी वेलक्रोवर ठेवा, मधल्या वेळात काढता आली पाहिजे. तुकडे 'सायको' च्या आधी दाखवा, नंतर नको. आणि दाराच्या शॉटच्या वेळी पंखे बंद करायला एक माणूस बटणापाशी बसवा. नोव्हेंबर आहे, भुसावळ असलं तरी पाच मिनिटं पंख्याशिवाय चालेल.